समुद्रात उजवीकडे कललेल्या बायका

उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या की मला समुद्र आठवतो. सांगलीत हे कुणाला बोलून दाखवलं तर समोरचा माणूस आधी काळजीनं बघतो आणि मग झोप नीट लागते का म्हणून विचारतो. मला झोप उत्तम लागते. पण यंदाचा हंगाम सुरू झाला, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी ओरडत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकला, मागं वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, हिरवी टोकं डांबरावर फरफटत गेली, आणि मी भाजीची पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले. तो उकळत्या गोडाचा, जरासा आंबूस वास आला की मला निळा रंग दिसायला लागतो. एका हिवाळ्यात या दोन गोष्टी माझ्या डोक्यात जोडल्या गेल्या त्या गेल्याच.

तो हिवाळा माझ्या थोरल्या जावेचा, अक्कांचा. कुंडलच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर आमचं सासर. थोरले दीर म्हणजे आण्णा फौजेतून हवालदार होऊन आले आणि ऊस लावला. माझे यजमान धाकटे, ते नोकरीला सांगलीत राहिले. मी इथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. अक्कांनी आयुष्यभर शेण, वैरण, भांगलण आणि माणसांची उस्तवार केली, आणि त्या दिवाळीनंतर त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, म्हणून मी मदतीला गावी जाऊन राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुर्चीतच बसायचं. अक्का खुर्चीत बसल्या म्हणजे तहसील कचेरीत नंबर लागायची वाट बघतायत असं वाटायचं. पदर घट्ट, हात मांडीवर, नजर दाराकडं.

"सुधा, काय तरी काम दे गं हाताला," त्या मला म्हणाल्या. "आसं बसून मी येडी हुईन."

निवडायला तांदूळ दिले, ते संपले. लसूण सोलून झाला. मग मी सांगलीहून रंगाच्या ट्यूब आणि चार ब्रश नेऊन दिले. रिकाम्या हाताला चाळा, यापलीकडं माझ्या मनात काही नव्हतं. मला वाटलं होतं, दोन डोंगर काढतील, मधून सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीपुढं नदी. माझ्या शाळेतली प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी हेच काढायची. अक्कांनी समुद्र काढला.

कागद त्यांना पसंत पडला नाही. "ह्यो लगीच भिजतुया," म्हणाल्या. मग आण्णांनी गोठ्यावरचा फ्लेक्स काढून आणला. आमच्याकडं पुढाऱ्याचा वाढदिवस उलटला की दुसऱ्या दिवसापासून फ्लेक्सचं खरं आयुष्य सुरू होतं. तो कडब्याच्या गंजीवर जातो, गळक्या छपरावर जातो, म्हशीला ऊन लागतं म्हणून तिच्या डोक्यावर जातो. आण्णांनी त्याचे तुकडे केले, लाकडी रिपांच्या चौकटी ठोकल्या, त्यावर मागची पांढरी बाजू वर करून तो ताणला आणि भिंतीचा प्रायमर फासला. काम फौजी, कोपरे काटकोनात. फक्त चौकट खिडकीपुढं धरली की मागचा मजकूर उलटा उमटायचा. एका चित्रात समुद्रावरच्या आभाळात एका भावी नेत्याची मिशी स्पष्ट दिसायची. अक्कांनी तिथं ढग काढून प्रश्न मिटवला.

ब्रश त्यांना धरता येत नव्हता असं नाही, आवडत नव्हता. त्यांनी चिंधीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि रंगाचे ठिपके ठेवायला सुरुवात केली. एक ठेवायचा, शेजारी दुसरा, त्याला न पुसता तिसरा. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घालतात तसे. निळ्याशेजारी पिवळा, पिवळ्याला टेकून जांभळा, आणि दोन पावलं मागं सरकलं की ते सगळे मिळून हलायला लागत. ओल्या वाळूवरची ती चकाकी, जी धड पाणीही नसते आणि धड जमीनही नसते, ती मी मुलींना वर्षानुवर्षं तोंडानं सांगत आले. अक्कांच्या फ्लेक्सवर ती आली तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसले आणि चहा गार होऊ दिला.

साखर कारखान्याची काजळी त्या दिवसांत आमच्या गावावर उतरते. वाळत घातलेल्या धोतरावर, दुधाच्या पातेल्यावर, जिन्यावर. काळे, हलके, बोटानं दाबले की पसरणारे कण. ते ओल्या चित्रावरही बसायचे. मी सुईच्या टोकानं एक-एक उचलायला लागले तर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिथं पाखरं हुतीच." अजून ती पाखरं त्या आभाळात आहेत.

या असल्या चित्रांवर माझं फार जुनं प्रेम आहे. शाळेत मी परदेशी चित्रकारांच्या छापील प्रती भिंतीवर लावत असे. छत्र्या घेतलेल्या बायका, वाऱ्यानं उडालेले झगे, वाळूत खेळणारी पोरं, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर नाक-डोळे धड नाहीत. मुली हसायच्या. म्हणायच्या, बाई, हे पुरं करायचं राहिलं का? मी सांगायची, चित्रकारानं माणूस काढलेला नाही, त्या माणसावर पडलेलं ऊन काढलंय, आणि ऊन थांबत नाही म्हणून तोही थांबला नाही. हे मी मनापासून सांगायची, पण मला त्या चित्रांची एक गोष्ट कायम खुपायची. त्या बायका सुंदर होत्या आणि कुणाच्याच नव्हत्या. तिथून कुणी एक उठून गेली असती तर चित्राला फरक पडला नसता. छत्री उरली असती म्हणजे झालं.

अक्कांच्या चित्रात मात्र प्रत्येक बाई कुणीतरी होती. चेहरा कुणालाच नव्हता. पण पिवळा ठिपका कमरेशी जाड, ती पाटलाची इंदू. हिरवा, एका खांद्यानं वर, ती शाळेत खिचडी करणारी कमल, जिचा खांदा लहानपणी निखळला होता. आपल्याकडं बांधावरून येणारं माणूस कुणी तोंडावरून ओळखत नाही. चालण्यावरून ओळखतात, डोक्यावरच्या भाऱ्यावरून, हात हलवायच्या तऱ्हेवरून. अक्कांनी तेवढंच काढलं होतं, आणि तेवढं पुष्कळ होतं.

हा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता. आदल्या हिवाळ्यात बचत गटाची सहल गेली होती. गणपतीपुळ्याला दर्शन, मग किनारा, मग घर. मला अक्कांनी त्या सहलीचं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बसमध्ये कुणाला उलटी झाली, घाटात कुणी देवाचं नाव घेतलं, नारळपाणी किती महाग, आणि संध्याकाळी सगळ्याजणी लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात कशा उभ्या राहिल्या. "पायाखालची वाळू सरकती गं," त्या म्हणाल्या. "कुनी तरी खालनं सतरंजी वढल्यागत." हे सांगताना हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. मी ते गप्प होणं दमणुकीत जमा केलं.

आता टीकेचं. मी मास्तरीण आहे, माझ्या जिभेला हाड नाही, आणि अक्कांनी स्वतःहून विचारलं होतं. सहा-सात चित्रं झाली तेव्हा त्यांनी ती सोप्याच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवायला लावली. जानेवारीतली सकाळ होती. आण्णा दारातल्या उजेडात पुढचा फ्लेक्स चौकटीवर ताणत बसले होते, तोंडात खिळे.

"सांग आता," अक्का म्हणाल्या. "वरवरचं नगं. पोरीस्नी सांगत हुतीस तसं सांग."

मी सांगितलं. म्हटलं, तुमचे ठिपके सगळे एकाच मापाचे आहेत. जवळचा मोठा, लांबचा बारीक व्हायला पाहिजे, नाहीतर समुद्र भिंतीसारखा उभा राहतो. अक्कांनी मान हलवली. "व्हय, ते चुकलं." म्हटलं, काठाचं पाणी तुम्ही गढूळ केलंय, ते पुराच्या कृष्णेचं पाणी आहे, तिथलं नाही. "चुकलं आसंल. हातानं त्येच उचाललं." म्हटलं, सावल्या मात्र अप्रतिम आहेत, जांभळ्या, काळा रंग कुठंच नाही, त्याला मी दहापैकी दहा देते. त्यावर त्यांनी पदर सावरला.

मग मी माझा मुख्य मुद्दा काढला. मला तो दोन दिवस छळत होता. म्हटलं, अक्का, या सगळ्या बायका उजवीकडं का कलल्यात?

खरंच कलल्या होत्या. प्रत्येक चित्रात, पाठमोऱ्या, समुद्राकडं तोंड करून, आणि सगळ्यांचा भार उजव्या अंगावर. डावा पाय रोवलेला, उजवा खांदा पुढं. वारा म्हणावा तर पदर सरळ लोंबतायत. मला आधी वाटलं, खुर्चीत वाकडं बसून काढल्यानं हात तसा जातोय. मग लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. आमच्या घाटावर पाण्यात उतरलं की कृष्णेची धार उजवीकडून येते. लहानपणापासून प्रत्येक बाई त्या धारेला अंग देऊन उभी राहते, कपडे धुताना, कळशी बुडवताना, ओटी सोडताना. अंगाला दुसरं पाणी माहीतच नाही. समुद्राचं पाणी समोरून येतं आणि मागं ओढतं, त्याला कडेनं धार नाही. तरी आमच्या बायका तिथं जाऊन, अख्खा अरबी समुद्र समोर असताना, उजवीकडून येणाऱ्या कृष्णेला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

मी हे अक्कांना सांगितलं तर त्याही हसल्या. "आगं, खरंच तशाच हुत्या उभ्या. आनि म्हनून तर सारख्या पडत हुत्या."

"पण ही एक नाही कलली," मी म्हटलं.

मी शेवटच्या चित्रापाशी गेले. मागाहून पाहिलं तर ती बाकीच्याही चित्रांत होती, फक्त इतक्या कडेला की मी तिला रिपेची सावली समजत होते. सगळ्या बायकांपासून पुष्कळ दूर, चौकटीच्या डाव्या काठाला, नारिंगी रंगाचा एक उभा ठिपका आणि त्याच्या हाताला धरलेला एक छोटा पांढरा. ती बाई सरळ उभी होती. पाय जरासे फाकलेले, गुडघे सैल, अंगाला कुठंही जोर नाही. म्हटलं, चित्र म्हणून हिनं सगळं बिघडवलंय. बाकी सगळ्या एका लयीत आहेत आणि ही एकटी ती लय मोडते, डोळा तिच्यावरच जाऊन बसतो. हिला काढून तरी टाका, नाहीतर हिलाही कलवा.

अक्कांच्या हातातली चिंधी बोटावरून सुटून खाली पडली, ती वाकून उचलायला त्यांना परवानगी नव्हती, आणि मी उचलायला गेले तोवर आण्णा बोलले.

"ती कशाला कलंल," ते म्हणाले. तोंडातले खिळे त्यांनी हातावर काढून घेतले होते. "ती तिथंच ऱ्हातीया."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि मी चिंधी हातात घेऊन जमिनीवरच बसून राहिले.

सुवर्णा त्यांची एकुलती एक लेक. नर्स झाली, रत्नागिरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका होडीवाल्यांच्या घरात तिनं लग्न केलं. जात वेगळी, विचारणं नाही, सांगणं फोनवर. आण्णांनी त्या दिवशी फोन ठेवला आणि घरात सांगितलं की या पोरीचं नाव इथं घ्यायचं नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, कारण आरडाओरडा निवतो. हे मात्र फौजेतल्या हुकमासारखं राहिलं. माझ्याशी ती बोलायची, तिला मुलगी झाली तेव्हा मला फोटो आला, पण सासरच्या उंबऱ्यात मी तो फोन कधी पिशवीबाहेर काढला नाही. त्या घरात सुवर्णा हे नाव मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

आण्णा उठून चित्राजवळ आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ त्यांनी त्या नारिंगी ठिपक्याकडं बघितलं.

"तुला दिसली हुती?" त्यांनी अक्कांना विचारलं.

"दिसली."

"कुनी सांगितलं तिला?"

"कमलनं फोन केलता. ती आली हुती पोरीला घिऊन. लांब उबी ऱ्हायली. माज्याकडं बघत न्हवती, समिंदराकडं बघत हुती."

"बोललीस?"

"न्हाई."

"का?"

अक्का खुर्चीत होत्या तशाच, हात मांडीवर ठेवून. त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही.

"तुमी नगं म्हनाला हुता."

आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. जुनी रीत आहे, आण्णांनी ती कधी मोडली नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. ते अक्कांकडं बघत म्हणाले, "तिला इचार, सुवर्णाचा नंबर हाय का तिच्याकडं."

अक्कांनी मला विचारलं नाही. त्या रडायला लागल्या होत्या. मी आपणच पिशवीतून फोन काढला.

बोलणं तसं काहीच झालं नाही. मी नंबर लावून दिला आणि अक्कांनी फोन कानाला धरून नुसतं "सुवर्णे" म्हटलं, पुढं त्यांना बोलवेना. पलीकडून काय येत होतं ते मला ऐकू आलं नाही. आण्णा दाराकडं तोंड करून उभे होते. मध्येच म्हणाले, "पोरीचं नाव काय ठिवलंय, इचार." अक्कांनी विचारलं आणि सांगितलं, ओवी. आण्णांनी ते नाव हळूच एकदा म्हणून बघितलं. मग अर्धा ताणलेला फ्लेक्स उचलून ते गोठ्याकडं निघून गेले आणि जेवायलाच आले.

ऊस उभा असतो तोवर आमच्या सोप्यातून काही दिसत नाही, समोर नुसती हिरवी भिंत. फड तुटला की एकदम नदीपर्यंत सगळं उघडं पडतं. त्या वर्षी आमचा फड उशिरा तुटला. आणि तुटल्यानंतरच्या आठवड्यात, पाचट जाळलेल्या काळ्या रानातून, एसटीच्या थांब्याकडून दोन माणसं चालत येताना दिसली. एक मोठं, एक छोटं. अक्का काठी घेऊन उभ्या होत्या. माझे डोळे त्यांच्याहून तरणे, तरी मला नुसती दोन माणसं दिसत होती. अक्का म्हणाल्या, "आली. तिचा पाय अजून तसाच पडतुया, टाच आपटत." आणि नवे गुडघे घेऊन त्या काळ्या रानात उतरल्या. डॉक्टरांनी ढेकळात चालायला सक्त मनाई केली होती. आण्णा त्यांना अडवायला म्हणून मागून गेले आणि मग त्यांच्याही पुढं गेले.

चार दिवस राहिली ती. घरात मासे शिजले नाहीत, पण आण्णांनी नातीला विचारलं की होडीत बसलं की पोटात कालवतं का, आणि तिनं त्यांना होडी कशी बांधतात ते दुपारभर समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी दोघींना खिडकीशी बसवलं आणि चित्र काढायला घेतलं. समोर बसवून काढलेलं त्यांचं ते पहिलंच चित्र.

मी त्याबद्दल खरं तेच सांगणार. ते चित्र वाईट आहे. ठिपके गेले. अक्कांनी या वेळी ब्रश घेतला, काळ्या रंगानं कडा काढल्या, त्यात रंग भरला. ऊन नाही, सावली नाही, हवा नाही. चेहरे काढले, दोन्ही. डोळे मोठमोठे, पापण्या मोजून घ्याव्यात अशा, सुवर्णाच्या कपाळावरची लहानपणीची खोक, ओवीचा पडलेला दात, कानातले, गळ्यातले, सगळं. नाकं दोघींची चुकली. पाठीमागं समुद्र म्हणून एक निळा पट्टा ओढलाय, तोही वाकडा. ग्रेड परीक्षेला ते माझ्यासमोर आलं असतं तर मी त्याला सी दिला नसता. अक्कांना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "नाकं बिघडली, म्हाईत हाय मला. पर आता ऱ्हाऊ दे."

मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. दुरून बघण्यात सौंदर्य असतं, यावर मी आयुष्यभर शिकवलं. दोन पावलं मागं सरका, डोळे किलकिले करा, मग चित्र दिसेल. ते खोटं नाही. पण आई काय म्हणून मागं सरकेल? तिला जवळ जायचं असतं, खोक बघायची असते, दात कधी पडला ते विचारायचं असतं. इतकं जवळ गेल्यावर चित्र बिघडणारच. अक्कांचं बिघडलं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतर त्यांनी ठिपक्यांचं एकही चित्र काढलं नाही. जगातला एक उत्तम चित्रकार गेला असं मला अधूनमधून वाटतं, आणि मग वाटतं, जाऊ दे.

उजवीकडं कललेल्या बायकांचं ते शेवटचं चित्र माझ्या सांगलीच्या घरात आहे. जाणकार येतात, थबकतात, कुणाचं म्हणून विचारतात. त्या कडेच्या नारिंगी ठिपक्याची सगळ्यात जास्त तारीफ होते. सगळ्या चित्राचा तोल त्यानं धरलाय म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, त्या सकाळी माझं चुकलं होतं. यंदा दिवाळीला सुवर्णा आली होती. ते दुसरं, चेहऱ्यांचं चित्र तिनं त्याच वर्षी आण्णांकडून बांधून घेतलं होतं, एसटीत मांडीवर धरून नेलं, आणि आता ते तिच्या घरात दारासमोरच लावलेलं आहे. मी तिला म्हटलं, अगं, खरं चित्र हे आहे, माझ्या भिंतीवरचं, तुझ्या आईचं सगळ्यात चांगलं काम, तुझाच त्यावर हक्क आहे, ने. ती त्याच्यासमोर उभी राहिली, जवळ गेली, त्या नारिंगी ठिपक्यावर बोट ठेवलं, मग लगेच काढून घेतलं.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे काकी," ती म्हणाली. "ह्यात मी लय लांब हाय."